सावलीचं ताट

१

आमच्या पाणबुडीवर नवा खलाशी रुजू झाला की कप्तानांना सलाम ठोकण्याआधी तो माझ्यासमोर तराजूवर उभा राहायचा. कपड्यांसकट, बुटांसकट, खिशातल्या तंबाखूच्या पुडीसकट. तुझं नाव मला उद्या कळलं तरी चालेल, वजन आत्ता कळलं पाहिजे, असं मी त्याला सांगायचो. पाठीमागे सगळे मला ‘तांदूळवाला’ म्हणत. म्हणू देत. आपले जीव या माणसाच्या आकड्यांवर तरंगताहेत, हे त्यांनाही ठाऊक होतं.

बोटीचा तोल सांभाळणं हे माझं काम. पाणबुडी जड झाली की बुडते, हलकी झाली की वर येते, हे शाळेतलं पोरही सांगेल. खरी कसरत असते तिला पाण्याखाली निवांत उभी करण्याची. त्यासाठी तांदळाच्या पोत्यांपासून टॉर्पेडोंपर्यंत सगळ्यांची वजनं मांडायची आणि तोलाच्या टाक्यांत समुद्राचं किती पाणी घ्यायचं ते ठरवायचं. दर सोमवारी सकाळी जपानच्या कुरे बंदराच्या खाडीत आम्ही इंजिनं बंद करून जागच्या जागी बुडी मारायचो. माझा आकडा बरोबर की चूक, ते समुद्र सांगायचा.

१९३१ च्या एप्रिलमधल्या पहिल्या सोमवारी समुद्राने सांगितलं, चूक. बोट थांबायचं नाव घेईना, हळूहळू खालीच चालली. मी टाकीतलं पाणी थोडं थोडं बाहेर काढत गेलो. ती थांबली तेव्हा बाहेर काढलेलं पाणी भरलं छप्पन्न किलो.

‘‘काय इसोगाई, तांदूळवाल्याचं माप चुकलं का?’’ कप्तान कुजिमे म्हणाले. माणूस भला, पण थट्टा केल्याशिवाय त्यांना घास उतरत नसे.

‘‘नदीचं पाणी आलं असेल साहेब, खाडीत. गोड्या पाण्यात बोट जड होते.’’

पुढच्या सोमवारी आम्ही नदीच्या तोंडापासून लांब गेलो. छप्पन्न किलो. मी सगळ्या पंचेचाळीस जणांना पुन्हा तराजूवर चढवलं. आमचा स्वयंपाकी दोइ पोटावरून हात फिरवत म्हणाला, ‘‘हे मागच्या वेळी मोजायचं राहिलं होतं का हो?’’ मोजायचं काही राहिलं नव्हतं. मी तळाचं साचलेलं पाणी उपसलं, ओल्या कांबळ्या बाहेर काढल्या, गोदीतले पाणबुडे लावून बोटीच्या पोटावरची कालवं खरवडून घेतली. तिसऱ्या सोमवारीही छप्पन्नच.

हा आकडा कुठेतरी पाहिल्यासारखा वाटत होता, असं मी म्हटलं तर ते खोटं होईल. कुठे पाहिला होता ते मला पहिल्याच दिवशी कळलं होतं.

२

ही बोट पूर्वी एकदा बुडालेली होती. तीन वर्षांपूर्वी सरावात वर येताना एका जहाजाच्या तळाला घासली आणि शेपटाकडच्या खोल्यांत पाणी शिरलं. तेव्हाही तिचा तोल माझ्याकडेच होता, पण त्या आठवड्यात मी रजेवर होतो. माझं लग्न होतं. पाच आठवड्यांनी तिला साखळ्या लावून वर काढलं. पंचेचाळीस माणसं आत गेली होती, चव्वेचाळीस मिळाली. मग नवे पत्रे, नव्या तारा, नवा रंग, बाहेर नवा नंबर, आणि १९३१ च्या मार्चअखेर ती पुन्हा पाण्यात. आणि जुन्या टाक्यांची खोड ठाऊक असलेला एकच माणूस जिवंत उरला होता, म्हणून मी पुन्हा तिच्यावर.

जो मिळाला नाही तो मोरिसाकी शिंपेई. माझा मित्र. आम्ही एकाच वर्षी भरती झालो, एकाच पंगतीत जेवलो. शेपटाकडच्या विजेच्या मोटारी तो बघायचा. खादाड असा, की सातूचा भात चार वाट्या संपवून शेजाऱ्याच्या वाटीकडे बघत बसायचा, आणि अंगाने मात्र काटकुळा. महिन्यातून एकदा तो तराजूवर चढला की मी म्हणायचो, ‘‘अरे मेल्या, एवढं खातोस ते जातं कुठे?’’ तो म्हणायचा, ‘‘जड झालो तर तुझाच हिशेब चुकेल, म्हणून जपतो.’’

पाच वर्षांत त्याचं वजन बदललं नाही. छप्पन्न.

शेपटाकडचं बाहेर पडायचं झाकण अर्धवट उघडं सापडलं होतं. चौकशीत असं ठरलं, की तो तिथून निसटला असावा आणि भरतीच्या पाण्याने त्याला नेलं असावं. मीही तसंच धरून चाललो होतो. मी आकड्यांचा माणूस आहे. बुडालेल्या माणसाला वजन असतं, पण ते त्याच्यापाशी असतं, आमच्या बोटीत नसतं. असं मी स्वतःला दर सोमवारी समजावत होतो.

३

शिंपेईची आई, ओतोयोकाकू, बंदरावरच्या टेकडीवर एकटी राहायची. रविवारी सुट्टी असली की मी चढ चढून तिच्याकडे जायचो. जायला हवं म्हणून जायचो. तिच्यासमोर बसणं मला सोपं नव्हतं.

दुपारचे बारा वाजले की काकू दोन ताटं मांडायची. एक तिचं. दुसरं शिंपेईच्या जागेवर: भात, मिसोचं सार, मुळ्याचं लोणचं, कधी माशाची तुकडी. आमच्याकडे कोणी दूर गेलं, समुद्रावर गेलं, की घरात त्याच्या नावाने असं सावलीचं ताट मांडतात. तिकडे त्याला उपास पडू नये म्हणून. हे जिवंत माणसासाठी. मेलेल्याचा नैवेद्य वेगळा. तो पितरांच्या देव्हाऱ्यात जातो, त्यापुढे उदबत्ती लागते. काकूच्या देव्हाऱ्यात तिच्या नवऱ्याच्या नावाची पाटी होती. शिंपेईची नव्हती.

थोड्या वेळाने ती साराच्या वाटीवरचं झाकण उचलून आतून बघायची. आत पाण्याचे थेंब धरलेले असले तर माणूस सुखरूप, असं म्हणतात. आता गरम साराच्या झाकणाला थेंब धरणार नाहीत तर काय होणार!

‘‘बघ, आहे,’’ असं ती म्हणायची आणि मग तिचं जेवण सुरू व्हायचं. निवलेलं दुसरं ताट ती संध्याकाळी स्वतःच खायची.

जूनमधल्या एका रविवारी तिने शिंपेईची वाटी शिगोशीग भरली. मी विचारलं, ‘‘काकू, एवढा?’’

‘‘यंदा तांदूळ चांगला मिळालाय रे तोकुजी. तो खादाड. तुम्ही लोक त्याला पोटभर देत नसाल.’’ ती हसली. ‘‘तुझ्यासारखे मोजून वाढणारे तिथे!’’

मीही हसलो. दुसऱ्या दिवशी खाडीत बोट अठ्ठावन्न किलोंनी जड निघाली. ऑगस्टमध्ये ती एकसष्ट किलोंवर गेली.

४

बोटीच्या मधल्या खोलीत माझ्या नाकासमोर एक पाणसळ होती, सुताराची असते तशीच, फक्त लांब. बोट जराशी कलली की काचेतला बुडबुडा सरकतो. एक माणूस पुढून मागे चालत गेला तरी सरकतो. म्हणून बुडीत असताना मला विचारल्याशिवाय कोणी जागा सोडायची नाही, अगदी मुतायला जायचं झालं तरी. यावरून माझी टिंगल व्हायची ती निराळी.

सप्टेंबरात एका सोमवारी आम्ही पाण्याखाली असतानाच जेवणाची वेळ झाली. दोइने वाट्या फिरवल्या. सगळे आपापल्या जागी मांडी ठोकून बसले. पंखे बंद, मोटारी बंद. वरून पत्र्यावर पाण्याचा दाब पडतो तेव्हा बोट मधूनच बारीक करकरते, तेवढाच आवाज.

भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजले आणि बुडबुडा हलला.

तो झटक्याने हलला नाही. सावकाश, एकेक केसाएवढा, बोटीच्या नाकाकडे सरकत गेला. म्हणजे वजन शेपटाकडे चाललं होतं. चालण्याच्या वेगाने. मी ओरडलो, ‘‘कोण चालतंय?’’

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. भाताचे घास तसेच हातात. कोणीही चालत नव्हतं. बुडबुडा आणखी थोडा सरकला आणि थांबला. मी अंतर काढलं. मोटारींच्या खोलीचं मागचं टोक. शिंपेईची बसायची जागा.

त्या दिवशी वर आल्यावर कप्तानांनी मला एकट्याला बोलावलं. आता त्यांच्या बोलण्यात थट्टा नव्हती.

‘‘इसोगाई, जानेवारीत आपल्याला दक्षिणेला लांबच्या सरावाला जायचंय. बोटीत कुठे काय जास्त आहे हे मला कळत नसेल तर मी पंचेचाळीस माणसं खाली कशी नेऊ? ते वजन शोधा. शोधा आणि काढा. नाहीतर मला दुसरा माणूस मागवावा लागेल.’’

‘‘काढतो, साहेब.’’

मी त्यांना काय सांगणार होतो? साहेब, एक आई रोज दुपारी जेवू घालते, म्हणून बोट जड आहे?

५

मी बायकोला सांगितलं. साए घाबरेल असं वाटलं होतं. ती रडली.

‘‘त्याला कोणी सांगितलंच नसेल हो, तो मेलाय म्हणून,’’ ती म्हणाली. ‘‘घरून जेवण येतंय. जेवण येतंय म्हणजे परत जायचंय, असं वाटत असेल त्याला. बिचारा वाट बघत असेल.’’

मला ते पटलं. पटायला मला कारण हवंच होतं. नोकरीही वाचणार होती आणि मित्रही सुटणार होता. काकूने ते ताट एकदा देव्हाऱ्यात ठेवलं, उदबत्ती लावली, की शिंपेईला कळेल आणि तो जाईल. इतकं सरळ.

ऑक्टोबरमध्ये मी टेकडी चढलो. अंगणात काकू सोललेली पर्सिमनची फळं दोरीला बांधून वाळत घालत होती. मी उभ्या उभ्याच म्हणालो, ‘‘काकू, आता ताट पुरे करा. देव्हाऱ्यात पाटी ठेवा त्याची.’’

तिने हातातली दोरी सोडली नाही. ‘‘तू बघितलंस का त्याला मेलेला?’’

‘‘नाही’’ म्हणालो असतो तर ती ऐकणार नव्हती. तीन वर्षं सगळ्या गावाचं तिने ऐकलं नव्हतं.

‘‘बघितलं,’’ मी म्हणालो. ‘‘दुरुस्तीच्या वेळी, मोटारींच्या खाली. आम्ही तिथूनच त्याला नीट बांधून समुद्रात सोडलं. तुम्हाला सांगायची माझी छाती झाली नाही.’’

हे धादांत खोटं होतं. माझ्या आयुष्यात मी चुकीचा आकडा मुद्दाम कधी लिहिला नाही, पण हे मी न अडखळता बोललो.

काकू खाली बसली. खाली पडलेलं एका फळाचं साल तिने बोटांनी उलगडलं. मग तिने विचारलं, ‘‘कुशीवर होता का रे? तो कुशीवर झोपायचा.’’

‘‘हो,’’ मी म्हणालो. ‘‘कुशीवर.’’

त्या दुपारी तिने एकच ताट वाढलं.

६

पुढच्या सोमवारी जादा वजन एकोणसाठ होतं. त्यानंतर चौपन्न. कप्तान खूश झाले. मीही खूश झालो. सुटतोय, हळूहळू जातोय, असं मी साएला सांगितलं आणि त्या शनिवारी आम्ही दोघांनी देवळात जाऊन घंटा वाजवली.

मग अठ्ठेचाळीस. मग एकेचाळीस.

हे आकडे मी एकाखाली एक लिहून बघितले. जाणारा माणूस असा जात नाही. जाणारा उठतो आणि जातो. हे उतरणं मी पाहिलेलं होतं. माझा थोरला भाऊ घशाच्या दुखण्याने गेला, शेवटी त्याच्या पोटात काही उतरत नव्हतं, तेव्हा आम्ही त्याला आठवड्याला तराजूवर धरून उभं करायचो. तो असाच उतरत गेला होता.

नोव्हेंबरअखेरच्या बुडीत बारा वाजता बुडबुडा पुन्हा शेपटाकडचं वजन दाखवू लागला. चाल आता फार मंद होती. वाटेत दोनदा थांबली. मी माझी जागा दुय्यमाकडे सोपवली आणि मागे निघालो. इंजिनांची खोली ओलांडली. मोटारींच्या खोलीचं गोल दार उघडं होतं. मी वाकून आत पाहिलं.

दोन मोटारींच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीवर, मागच्या भिंतीकडे तोंड करून, कोणीतरी गुडघे दुमडून बसलं होतं. पांढरा कामाचा सदरा. पाठ ताठ, हात मांड्यांवर. घरी जेवायला बसतात तसं, समोर ताट यायचं असताना बसतात तसं. कॉलरच्या वर मानेची हाडं एकेक मोजता आली असती.

‘‘सरा जरा,’’ मागून दोइ म्हणाला. तो साराची बादली घेऊन माझ्या बगलेतून आत शिरला आणि त्या पट्टीवरून चालत थेट टोकापर्यंत गेला. तिथे कोणी नव्हतं. मोटारीजवळचा खलाशी आपल्या वाटीत तोंड घालून जेवत होता.

मी माझी वाटी त्या भिंतीपाशी नेऊन ठेवली. भात, वर लोणचं. तासाभराने भातावर पापुद्रा धरला होता, आणि एक शीतही कमी झालं नव्हतं.

‘‘उंदीर पाळलात का, तांदूळवाले?’’ दोइने विचारलं. मला त्याच्या थोबाडीत मारावंसं वाटलं. घरी साएनेही त्याच्या नावाने आठ दिवस ताट मांडलं. तिकडे आकडा तेहेतीस झाला, मग सव्वीस. आमच्या हातचं त्याला पोचत नव्हतं. कोणाच्या हातचं पोचतं, ते आम्हाला दोघांनाही माहीत होतं.

७

डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी मी पुन्हा टेकडी चढलो. काय बोलायचं ते पाठ केलं होतं. काकू, मी खोटं बोललो. मी त्याला बघितलं नव्हतं. त्याचं ताट पुन्हा मांडा, आज, आत्ता. यात न बोलण्यासारखं काय होतं? एकच. ती विचारणार, का रे? आणि मला सांगावं लागणार, की माझं ऐकून तुम्ही दोन महिने त्याला उपाशी ठेवलंत.

काकूने दार उघडलं आणि मी तिला क्षणभर ओळखलंच नाही. गाल भरले होते. केस नीट बांधले होते. घरात गाठोडी बांधलेली. देव्हाऱ्यात नवी पाटी, तिच्यापुढे उदबत्तीची राख.

‘‘बरा आलास! परवा लेकीकडे चाललेय, समुद्रापलीकडे. तिला मुलगी झाली. मी म्हटलं, तोकुजीला भेटल्याशिवाय कशी जाऊ?’’ तिने माझा हात धरून मला आत नेलं. ‘‘तुला सांगू? तीन वर्षं मी धड झोपले नव्हते. बारा वाजायला आले की छातीत धडधडायचं. सार गार झालं तर? झाकण कोरडं निघालं तर? घर सोडून एक दिवस कुठे गेले नाही. आता झोपते रे. लेकराला माती नाही मिळाली, पण तुझा हात तरी लागला त्याला.’’

‘‘काकू...’’

‘‘तू रडतोस कशाला? तू मोकळं केलंस आम्हाला. त्यालाही आणि मलाही.’’

मी ‘काकू’च्या पुढे गेलो नाही. तिचं तोंड बघत राहिलो. एक माणूस दोन महिन्यांत असा उजळू शकतो हे मला माहीत नव्हतं, आणि तो उजेड मला माझ्याच तोंडाने विझवायचा होता.

बारा वाजले. तिने ताट आणून माझ्यापुढे ठेवलं.

‘‘त्याच्याच वाट्या आहेत. दुसऱ्या बांधून टाकल्यात. चालेल ना?’’

आम्हा लोकांत वाढलेलं ताट नाकारत नाहीत. मी हात जोडले. भात शिगोशीग होता, साराला वाफ होती. मी पहिला घास घेतला. ती समोर बसून बघत होती, म्हणून मी दुसरा घेतला. सबंध वाटी संपवली. तिने पुन्हा भरली, मी तीही संपवली.

‘‘बरं वाटलं,’’ ती म्हणाली. ‘‘किती दिवसांनी कोणीतरी माझ्यासमोर पोटभर जेवलं.’’

८

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही खाडीत बुडी मारली. बाहेर कडक थंडी, पाणी स्वच्छ आणि निश्चल. झडपा उघडल्या, टाक्या भरल्या. बोट खाली गेली, मी ठरवल्या जागी आली आणि थांबली. एक थेंबही बाहेर काढावा लागला नाही.

बुडबुडा मधल्या रेघेवर होता. मी घड्याळाकडे पाहत बसलो. बारा वाजले, दोइने वाट्या फिरवल्या, लोक जेवू लागले. मी काचेवर बोटाने टिचकी मारली. पुन्हा मारली. उठून दोन पावलं मागे गेलो तेव्हा बुडबुडा हलला, पण तो माझ्यामुळे. परत आलो तसा तोही परत आला.

कप्तान माझ्या खांद्यावरून वाकून बघत होते. ‘‘वा, इसोगाई! अशी उभी राहिलेली बोट मी माझ्या नोकरीत पाहिली नाही. कुठे होतं ते वजन? काय निघालं?’’

मधल्या खोलीतले सगळे हसऱ्या तोंडाने माझ्याकडे बघत होते. हा आकडा त्यांच्या जिवाचा होता. जानेवारीत त्यांना लांब जायचं होतं. मी नोंदवही उघडली. तो सुटला, का माझ्या डोळ्यांदेखत उपाशी संपला, हे मला सांगता येत नव्हतं, आणि ज्याला विचारायचं तो आता कुठेच नव्हता.

‘‘शेपटाकडे होतं, साहेब,’’ मी म्हणालो. ‘‘काढून टाकलं.’’